खेळातून व्यवसायांची ओळख

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गात जाऊन "मोठेपणी कोण होणार?" असा प्रश्न विचारला, तर उत्तरे बहुधा ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, पोलीस, क्रिकेटपटू. पाच-सहा नावांत चाळीस मुलांचे भवितव्य आटोपते. परंतु त्याच मुलांना "घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर कोणकोण काम करताना दिसते?" असे विचारले, तर वर्ग विचारात पडतो. सांगलीच्या मुलाला मार्केट यार्डाजवळून जाताना हळदीचा वास येतो. पण ती हळद कोणी शिजविली, कोणी तोलली, तिचा भाव कसा ठरला, हे त्याला ठाऊक नसते. साताऱ्याचे मूल कंदी पेढा आवडीने खाते; पण खवा आटविण्यासाठी भट्टीपुढे किती वेळ उभे राहावे लागते, हे त्याने पाहिलेले नसते.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. "तुझे वडील काय करतात?" या प्रश्नाला काही मुले मोठ्याने उत्तर देतात, तर काही मान खाली घालून पुटपुटतात. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीच कोणते काम सांगण्यासारखे आणि कोणते लपविण्यासारखे, याची वर्गवारी त्यांच्या मनात झालेली असते. ही वर्गवारी पाठ्यपुस्तकातून आलेली नसते. ती घरातून, गल्लीतून आणि मोठ्यांच्या बोलण्यातून आलेली असते. म्हणूनच तिच्यावरचा उपायही मोठ्यांनाच योजावा लागेल.

हा प्रश्न केवळ या दोन जिल्ह्यांपुरता नाही. जानेवारी २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. वीस देशांतील ७ ते ११ वयोगटातील २०,००० हून अधिक मुलांनी मोठेपणी काय व्हायचे आहे त्याचे चित्र काढून दिले होते. मुलांची कामे वेगळी व मुलींची वेगळी, ही समजूत सातव्या वर्षीच दिसून आली. शाळेत भेटीस आलेल्या एखाद्या व्यक्तीकडून त्या कामाची माहिती मिळाली, असे सांगणारी मुले शंभरात एकही भरली नाहीत. ज्याला जे दिसले, तेच त्याने निवडले. जे दिसलेच नाही, त्याचे स्वप्न तरी कसे पडावे?

षट्कर्मांचा वारसा

जैन परंपरेला हा विषय मुळीच नवा नाही. कल्पवृक्षांचा प्रभाव ओसरला, भूक भागेना, तेव्हा प्रजा भगवान ऋषभदेवांकडे आली. त्यांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकविली, असे आदिपुराण सांगते. असि म्हणजे रक्षण, मसि म्हणजे लेखन, आणि शिल्प म्हणजे हातांची सारी कारागिरी. याच ऋषभदेवांनी आपल्या कन्या ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली. मोक्षमार्गाचा उपदेश त्यानंतरचा. आधी पोटाला अन्न आणि हाताला काम.

या यादीत विद्या ही सहांपैकी एक आहे, हे विसरून चालणार नाही. ती कृषीच्या व शिल्पाच्या शेजारी बसलेली आहे, त्यांच्या डोक्यावर नव्हे. आजच्या पालकांनी मात्र सहांतील एकच कर्म उचलले आणि उरलेली पाच मुलांच्या दृष्टीआड केली. शेतकऱ्याला वाटते, मुलाने शेताकडे फिरकू नये. दुकानदाराला वाटते, मुलाने गल्ल्यावर बसू नये. आणि पुढे तोच मुलगा दुकानाला नाक मुरडू लागला की खेदही होतो.

कर्मवीरांचा धडा

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांना ज्यांनी श्रमाची प्रतिष्ठा शिकविली, ते कर्मवीर भाऊराव पाटील याच समाजातील. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. परंतु धंदे त्यांनी अनेक पाहिले. साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री करीत खेडोपाडी फिरले, कूपर यांच्या कारखान्यातही काम केले. नांगर विकताना बहुजनांचे अज्ञान व दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. मिरज तालुक्यातील दूधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा प्रयोग त्यांनी आधीच केला होता. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली व १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यात आले.

साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि एकत्र राबली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, शेतकाम, बांधकाम यांपैकी कोणतेही काम कोणा एका जातीचे राहिले नाही. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली गेली ती ऑक्टोबर १९३७ मध्ये. साताऱ्यात त्यापूर्वी दशकाहून अधिक काळ हात आणि पुस्तक एकत्र नांदत होते. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर सुरू झाले आणि श्रम करून शिकण्याचा मार्ग खेड्यातील मुलांना खुला झाला.

परंतु एक भेद येथे ध्यानी घेतला पाहिजे. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुले मोठी होती, हाती कुदळ धरू शकत होती. सहा ते दहा वर्षांच्या बालकाकडून श्रमाची अपेक्षा करणे योग्य नाही. चौदा वर्षांखालील बालकांना कामावर ठेवण्यास तर कायद्यानेच बंदी आहे. तरीही कर्मवीरांचे तत्त्व प्राथमिक वर्गात येऊ शकते. ते खेळाच्या रूपाने यावे. भातुकली, दुकान-दुकान, शाळा-शाळा हे खेळ मुलांना कोणी शिकवीत नाही. मोठ्यांचे जग समजून घेण्याचा तो त्यांचा स्वतःचा मार्ग आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शिंपले, बिया, पाने अशा साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. तेव्हा साधनांच्या अभावाची सबब येथे चालणार नाही.

वर्गात खेळावयाचे काही खेळ

पहिली-दुसरीसाठी पोतडीचा खेळ. एका पोतडीत निरनिराळ्या धंद्यांची साधने ठेवावीत: गवंड्याची थापी, शिंप्याची मोजपट्टी, तराजूचे वजन, कुंभाराच्या घरचे मडके, पोस्टाचा शिक्का, टाळ, सुताराचा गुण्या. धारदार वस्तू मात्र नसावी. मुलाने न पाहता हात घालून वस्तू चाचपावी आणि ती कोणाची ते ओळखावे. ओळखल्यावर एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: "हा माणूस उद्या कामावर आला नाही, तर कोणाचे काम अडेल?" ओळखण्याची गंमत मुलांसाठी आहे, खरा पाठ या प्रश्नात आहे.

तिसरी-चौथीसाठी कापडाचे दुकान. रद्दी कागदाच्या लांब पट्ट्या चिकटवून तागे करावेत. एक विद्यार्थी विक्रेता, एक पावती लिहिणारा, एक गल्ल्यावर, दोघे ग्राहक, एक शिंपी. ग्राहकाने सव्वादोन मीटर कापड मागावे, भाव मीटरला ८० रुपये असावा. पावती १८० रुपयांचीच झाली पाहिजे. २०० रुपयांची खोटी नोट दिल्यास २० रुपये परत आले पाहिजेत. शिंप्याने ते कापड पुन्हा मोजावे. कमी भरले, तर दुकानाचा एक गुण वजा. चुकीचे कापले, तर तो तुकडा कटपीसमध्ये जमा, कारण एकदा कात्री चाललेले कापड पुन्हा जुळत नाही. अपूर्णांकाचे गणित येथे फळ्यावरून उतरून हातात येते. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रतात खोटी मापे वापरणे हा अतिचार सांगितला आहे. तो पाठ करून घेण्यापेक्षा, पाच सेंटिमीटर कमी भरल्यामुळे परत गेलेला ग्राहक मुलाच्या अधिक स्मरणात राहील.

याच वयासाठी धाग्याचा खेळ. सांगलीच्या शाळेत तो हळदीवर खेळावा. मुलांनी गोल उभे राहावे. पहिला विद्यार्थी शेतकरी. तो सुताचा गुंडा हाती धरून सांगतो, "मी हळद लावली," आणि गुंडा पुढे देतो. दुसरी काढणी करणारी, तिसरा शिजविणारा, चौथी वाळविणारी, पाचवा पॉलिश करणारा. मग हमाल, तोलाईदार, अडत्या, सौद्यात बोली लावणारा खरेदीदार, ट्रकचालक, गिरणीवाला, पुड्या भरणारी, किराणा दुकानदार आणि शेवटी स्वयंपाक करणारी व्यक्ती. चौदा-पंधरा हातांत धागा ताणला जातो. मग शिक्षकांनी म्हणावे, "आज हमाल आला नाही." त्या मुलाने धागा सोडताच दोन्ही बाजूंचा ताण जातो आणि धागा जमिनीला टेकतो. व्याख्यानाने जे समजत नाही, ते एका क्षणात दिसते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या सांगलीच्या हळदीमागे किती हात आहेत, हे त्या मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही. महाबळेश्वर भागातील शाळेत हाच खेळ स्ट्रॉबेरीवर किंवा मधावर घेता येईल. तेथील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले आहे.

पाचवीसाठी वीस प्रश्नांची मुलाखत. गावातील एखादी कष्टकरी व्यक्ती वर्गात पाहुणी म्हणून यावी. तिचा व्यवसाय आधी सांगू नये. मुलांनी "होय" किंवा "नाही" एवढेच उत्तर येईल असे वीस प्रश्न विचारून तो ओळखावा. पहाटे उठावे लागते का? उन्हात काम असते का? हिशेब ठेवावा लागतो का? ओळखल्यानंतर पाहुण्याने पाच मिनिटे आपले काम दाखवावे. ज्या मुलाने वडिलांचा धंदा कधी मोठ्याने सांगितला नव्हता, त्याच्या वडिलांना वर्गातील खुर्चीवर बसवून सर्वांनी टाळ्या वाजविल्या, तर त्या मुलाची मान आपोआप वर होईल.

चिठ्ठीचा नियम

या साऱ्या खेळांना एक नियम कसोशीने लावावा. भूमिका चिठ्ठी उचलून ठरावी. नाव, आडनाव, मुलगा की मुलगी, यांपैकी काहीही पाहू नये. स्नेहसंमेलनात बारा बलुतेदारांची वेशभूषा पुष्कळ ठिकाणी होते. हेतू चांगला असतो. पण कोणाच्या मुलाला कोणता वेश मिळाला याकडे जर कोणी नीट पाहिले, तर पुष्कळदा जुनीच वाटणी नव्या कपड्यांत दिसते. चिठ्ठी मात्र निःपक्षपाती असते. तिच्या आज्ञेने मुलगी लोहार होते, मुलगा परिचारक होतो, व्यापाऱ्याचा मुलगा हमाल आणि हमालाची मुलगी बँकेची अधिकारी होते. हमालाचे काम करणाऱ्यानेही सांगावे, की सातारा जिल्ह्याच्या पाटण-जावळीतून मुंबईच्या बाजारपेठेत गेलेल्या माथाडींनी अंगमेहनतीच्या बळावर संघटना उभारली आणि १९६९ मध्ये त्यांच्या हक्कासाठी स्वतंत्र कायदा झाला.

मुलींच्या बाबतीत साताऱ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. शेतकरी कुटुंबातील सुरेखा यादव यांनी कऱ्हाड येथे विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि त्या आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूर ते मुंबई ही वंदे भारत गाडी चालविली. चिठ्ठीत 'रेल्वेचालक' निघाले म्हणून एखादी मुलगी हसली, तर तिला ही हकिकत सांगावी.

आणखी एक नाजूक बाब बोलून टाकणे आवश्यक आहे. समाजाच्या शाळेत सर्व जातिधर्मांची मुले असतात. एखाद्याच्या घरी मासे वा मांस विकण्याचा व्यवसाय असतो. अहिंसा हा धर्माचा प्राण आहे, त्यात तडजोड नाही. परंतु त्या बालकाला खेळातून वगळणे किंवा त्याच्या घरच्या धंद्याचे नाव निघताच तोंड फिरविणे, ही अहिंसा नव्हे. त्यानेही एका कोवळ्या जीवाला दुखापत होतेच. श्रावकाने स्वतः कोणता व्यवसाय करावा हे त्याच्या व्रताने ठरते. दुसऱ्याच्या लेकराचा मान मात्र त्या व्रताआड येऊ देऊ नये. अनेकांत शिकवावयाचा, तर त्याची सुरुवात येथूनच होते.

व्यवसाय बदलतात, माणूस बदलतो

मुलांना हेही कळले पाहिजे, की धंदा ही जन्माची बेडी नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांची मागणी सरल्यावर, फरीदसाहेबांच्या काळापासून तंतुवाद्यांकडे वळले. तलवारीवर चालणारा हात सतारीच्या भोपळ्यावर चालू लागला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातील शेतकऱ्यांची मुले सोन्या-चांदीच्या गलाईचे काम शिकून भारतभर पसरली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि पुढे मराठी माणसाला अभिनय हाही एक व्यवसाय म्हणून लाभला. या प्रत्येक हकिकतीचे वर्गात दहा मिनिटांचे नाटुकले सहज होऊ शकते.

बालबाजार: उत्सव की अभ्यास?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत आता बालबाजार भरतो. मुले भाजी, फळे, घरचे खाद्यपदार्थ आणून विकतात, पालक खरेदी करतात. उपक्रम स्तुत्य आहे. पण त्याचा शेवट पुष्कळदा छायाचित्राने होतो. कित्येक ठिकाणी विक्री आईच करते आणि मूल शेजारी उभे राहते. किंवा मुलाचा सारा माल त्याचेच नातेवाईक घेऊन जातात.

बालबाजाराच्या दुसऱ्या दिवशी जो तास होईल, तोच खरा. प्रत्येक मुलाने वहीत खरेदी, खर्च, विक्री व शिल्लक माल लिहावा. समजा, २०० रुपयांची भाजी आणली, रिक्षाला २० रुपये गेले आणि विक्री २६० रुपयांची झाली, तर हाती ६० नव्हे, ४० रुपये उरले. उरलेली मेथी सुकली, ती कोणाच्या खाती? सकाळपासूनच्या श्रमांचे मोल किती? घासाघीस करून दोन रुपये कमी देणाऱ्या काकूंचा राग आला का? हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा. ज्या मुलाने एक दिवस भाजी विकली, ते पुढे मंडईतल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी वाद घालताना क्षणभर तरी थांबेल.

समाजाचे कर्तव्य

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचविला आहे. त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे, करावे, ही अपेक्षा आहे. परंतु ज्या मुलाच्या मनात चौथीपर्यंत कामांची उच्च-नीच पक्की झाली, ते सहावीत सुताराकडे गेले तरी सहलीला आल्यासारखे पाहून परत येईल. जमीन आधी तयार करावी लागते.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. समाजातील प्रत्येक दुकानदाराने वर्षातून एक तास आपले दुकान शाळेच्या एका वर्गासाठी खुले ठेवावे. मुलांनी माल पाहावा, मोजावा, नोकरांशीही बोलावे. शेतकरी बांधवांनी एक दिवस शिवार दाखवावे. निवृत्त आजोबांनी जुनी साधने माळ्यावरून काढून शाळेच्या पोतडीत द्यावीत. माता-भगिनींनी शिवण, पापड, हिशेब, रुग्णसेवा यांतील आपले कौशल्य पाहुणी होऊन दाखवावे. घरकाम हेही काम आहे, हे मुलग्यांना तेथेच कळेल. शिक्षकांनी महिन्यातून एक तास एवढाच वेळ द्यावा. पहिली ते पाचवीपर्यंत एका मुलाच्या वाट्याला सुमारे पन्नास व्यवसाय येतील.

यातून उद्याच कोणाचा धंदा ठरणार नाही, आणि ठरूही नये. नऊ वर्षांच्या मुलाचे भवितव्य निश्चित करणे हा या खेळांचा हेतू नाही. दुकानदाराचा मुलगा दुकानात येवो वा न येवो. आला तर नाइलाजाने येऊ नये, आणि गेला तर दुकानाला कमी लेखून जाऊ नये. शेतकऱ्याच्या मुलीने शहर गाठले, तरी शेताचे नाव सांगताना तिचा आवाज खाली येऊ नये.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या पूर्वजांनी या संस्थेचा पाया घातला, त्यांच्यात गादीवर बसणारे होते तसे नांगर धरणारेही होते. सुवर्णमहोत्सवाची खरी सांगता आतषबाजीने व्हायची नाही. येत्या जूनमध्ये शाळेच्या एका वर्गात एक पोतडी उघडावी, एका बालकाने आत हात घालावा आणि "ही थापी! माझ्या बाबांची!" असे सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणावे. तो आवाज ऐकण्याचे भाग्य या संस्थेला लाभो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!